जुन्या सायकलचा जाम झालेला सीटपोस्ट: फ्रेमला धक्का न लावता कसा काढायचा

खानदेशात जुनी काळी सायकल सहसा कुणी भंगारात देत नाही. धाब्याच्या घरात, गोठ्याच्या कडेला, नाहीतर खळ्यातल्या छपराखाली ती वर्षानुवर्षं भिंतीला टेकून असते. मग कधीतरी घरातल्या कुणाला सकाळी फिरायला सायकल हवी होते आणि ती बाहेर निघते. टायर-ट्यूब बदलतात, छर्रे धुऊन ग्रीस भरलं जातं, चेन नवी येते. इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. सीट चार बोटं वर घ्यायला जावं तर हलता हलत नाही. बोल्ट काढून टाकला, सीट धरून दोघांनी झटे घेतले, तरी ढिम्म.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वाचवायची आहे ती फ्रेम. सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्याच्यावर बसते तो पाइप, थोडक्या पैशांत नवा मिळतो. तो वाकला, चेपला, कापावा लागला तरी बिघडत नाही. जुनी लोखंडी फ्रेम मात्र एकदा पिळली की सायकल सरळ चालत नाही. शिवाय तशी फ्रेम आता सुटी मिळणंही कठीण झालंय. १९५१पासून सायकली बनवणाऱ्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. म्हणून पुढची प्रत्येक पायरी करताना एवढंच बघायचं, की आपला जोर पोस्टवर पडतोय की फ्रेमवर.

अडकतो कशामुळे

सीटपोस्ट फ्रेमच्या उभ्या नळीत अगदी घट्ट मापानं बसतो. दोघांमधली फट केसाएवढी. त्या फटीत पाणी गेलं की लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. फुगायला जागाच नसल्यामुळे तो पोस्ट आणि नळी यांच्यामध्ये पाचरीसारखा ठासून बसतो.

पाणी जातं कुठून? सीटबोल्टच्या खाली, नळीच्या मागच्या बाजूला एक उभी चीर असते. बोल्ट आवळल्यावर नळी दबावी म्हणून ती ठेवलेली असते. हीच चीर मागच्या चाकाच्या आणि कॅरिअरच्या तोंडाशी येते. आपल्याकडे कॅरिअरवरून काय काय जातं ते आठवा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पोटॅशची आणि युरियाची गोणी सायकलवरून शेतात नेणं काही नवीन नाही. पोटॅश म्हणून जे लाल खत मिळतं ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊ. त्याची धूळ चिरेत बसली आणि वर पावसाळ्याची ओल मिळाली की गंज नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगानं चढतो. गोठ्यात उभी राहिलेली सायकल तर बारा महिने ओलाव्यात असते. काळ्या मातीचा चिखल मडगार्डखाली आणि सीटच्या बुडाशी एकदा बसला की ओल धरून ठेवतो, तो भाग वेगळाच.

हत्यार उचलण्याआधी लोहचुंबक लावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा सगळा उपाय तर हिच्यावरच ठरतो. चुंबक पोस्टला लावा, मग फ्रेमला लावा.

दोन्हीकडे चिकटला तर लोखंडात लोखंड. हिरो, ॲटलस, एव्हॉन, हर्क्युलिस, रॅले अशा जुन्या उभ्या सायकलींत जवळजवळ नेहमी हेच असतं. यात गंज तांबडा असतो, आणि तेल, ठोका, आच आणि पीळ यांनी काम होतं.

फ्रेमला चिकटला पण पोस्टला नाही, तर पोस्ट ॲल्युमिनियमचा. गिअरच्या सायकलींत किंवा नंतर कुणी पोस्ट बदलला असेल तर हे दिसतं. इथे दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकलेले असतात, त्यामुळे ॲल्युमिनियम आधी झिजतं आणि त्याची पांढरी पूड फटीत दगडासारखी घट्ट होते. या पुडीवर तेलाचा फारसा असर होत नाही, म्हणून त्याची पद्धत वेगळी. ती पुढे येते.

फ्रेम कार्बन फायबरची असेल तर या लेखातला एकही उपाय करू नका. ना आच, ना व्हाइस (टेबलावरचा पकडीचा शिकंजा). ती सरळ जाणकाराकडे न्या.

चुंबक लावून झालं की पोस्टचं रूपही नीट बघा. जुन्या सायकलींचा पोस्ट बऱ्याचदा खांद्याचा असतो, म्हणजे खाली जाड आणि वर सीटच्या क्लिपसाठी बारीक मान, साधारण २२ मिलिमीटरची. सीट पार खाली दाबलेली असेल तर जाड भाग पूर्ण नळीत आणि बाहेर नुसती मान उरते. मानेवर पाइप पाना धरून जोर केला तर मान पिळून तुटू शकते, तेव्हा अशा पोस्टला तेलाचे दिवस वाढवा आणि जोराचे कमी करा.

सायकल मोकळी करा

सीट काढा. दोन्ही चाकं, चेन, चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर उतरवा. हँडल आणि पुढचा चिमटाही (फोर्क) काढता आला तर उत्तम, कारण नंतर फ्रेम हातात धरून फिरवायची आहे.

सीटबोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढा. नट गोल झाला असेल तर त्यावर दिवसभर तेल मुरू द्या आणि मग रिंग पाना लावा. फिक्स पान्यानं तो आणखी गोल होईल. काही फ्रेममध्ये मागचे वरचे दांडे याच बोल्टवर अडकवलेले असतात. तसं असेल तर बोल्टसोबतच्या वायसर कुठल्या क्रमानं होत्या त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता ती उभी चीर साफ करा. जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं आतला चिखल आणि गंज खरवडून काढा. मग चिरेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून अगदी किंचित पीळ द्या, कान एखाद्या मिलिमीटरनं उघडले तरी पुरे. छिन्नी ठोकून चीर फाकवू नका. जुन्या लगचे (फ्रेमच्या नळ्या जिथे जुळतात त्या सांध्याच्या तोटीचे) कान एकदा तडकले की पुढे बोल्ट आवळला तरी पोस्ट धरत नाही.

शेवटी खूण. पोस्ट जिथे नळीत शिरतो तिथे पोस्ट आणि फ्रेम दोन्हींवरून जाणारी एक बारीक उभी रेघ पांढऱ्या नेलपेंटनं काढा. पुढे पाना लावाल तेव्हा पोस्ट खरंच फिरला, की पान्याचे दात घसरले, की पोस्टच पिळला जातोय, हे ही रेघ सांगते. डोळ्यांना वाटलं ‘हललं’, आणि रेघ जिथल्या तिथे असेल, तर हललेलं नाही.

तेल वरून नव्हे, खालून

आपल्याकडे सगळे वरून तेल सोडतात. त्याचाही उपयोग होतो, पण वरच्या तोंडाशी गंज सगळ्यात घट्ट असतो, तिथेच तेल अडतं. पोस्टचं खालचं टोक नळीच्या आत उघडं असतं, आणि तिथून तेल वर चढवायचं असेल तर फ्रेम उलटी करायची.

त्यासाठी पायडलकडची बाजू, म्हणजे बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, ज्या नळीत पायडलचा एक्सल फिरतो ती), उघडावी लागते. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलवर धरून ठेवणारी खीळ म्हणजे कॉटर. कॉटरचा नट सैल करून टोकाच्या बरोबरीनं ठेवा, क्रँकखाली लाकडाचा ठोकळा द्या आणि मग एकच नेमका ठोका मारा. टिचक्या मारत बसलात तर कॉटरचं टोक फुलतं. डावी क्रँक निघाली की डाव्या बाजूची लॉकरिंग आणि बी.बी. कप काढा, छर्रे डबीत टाका, एक्सल ओढून घ्या. उजवा कप तसाच राहू द्या. त्याचे आटे बहुतेक सायकलींत उलटे असतात, आणि तो काढायची इथे गरजही नाही.

बी.बी. उघडायची तयारी नसेल तर एक आडवाट आहे. काही जुन्या सायकलींना बी.बी.च्या नळीवर तेल सोडायचं छोटं भोक असतं, त्यावर स्प्रिंगची पट्टी असते. फ्रेम उलटी करून त्या भोकातून पिचकारीनं तेल सोडलं की ते उभ्या नळीतून पोस्टपर्यंत जातं. आतलं ग्रीस मात्र धुऊन निघतं, म्हणून नंतर बी.बी. खोलून पुन्हा ग्रीस भरणं आलंच.

खालून उघडलंत की लगेच एक मोजमाप घ्या. जाड तार बी.बी.कडून उभ्या नळीत पोस्टच्या बुडाला लागेपर्यंत सरकवा, खूण करा, बाहेर काढून नळीशेजारी धरा. पोस्ट आत किती लांब आहे ते कळतं. दोन इंच आहे की आठ इंच यावर पुढचं सगळं गणित अवलंबून असतं.

तेल कोणतं वापरायचं? डब्ल्यूडी-४० किंवा गंज सोडवायचा कुठलाही स्प्रे चालतो. गंज फारच मुरलेला असेल तर ॲसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. पॉवर स्टिअरिंगचं तेल ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. ही दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून लगेच टाका. ॲसिटोन रंग खातं, आणि बिडीच्या ठिणगीनंही पेट घेतं. रॉकेल मिळालं तर तेही चांगलं, नाहीतर डिझेल आहेच. खोबरेल किंवा गोडेतेल टाकू नका, ते काही दिवसांत चिकट होऊन उलट डिंकाचं काम करतं.

फ्रेम उलटी टांगा, खालून अर्धी वाटी तेल सोडा. दुसऱ्या दिवशी सरळ करा आणि वरच्या तोंडाशी, चिरेत तेल सोडा. असं आलटून-पालटून किमान चार दिवस, गंज जुना असेल तर आठवडा. दर वेळी पोस्टच्या माथ्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं हलके ठोके द्या. या ठोक्यांनी पोस्ट बाहेर येणार नसतो. गंजाचा थर तडकतो, आणि त्या तड्यांतून तेल आत शिरतं. फ्रेमच्या नळीवर मात्र हातोडी मारू नका. तिचा पत्रा पातळ असतो, पोचा पडला तर पोस्ट आणखी घट्ट अडकतो.

आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींची यावर एकच सूचना असते: “जोर नको लावू भो, आधी त्याले तेल पिऊ दे.” घाईत असलेल्या गिऱ्हाईकाला ती पटत नाही. पण तेलाच्या आठवड्यानं वाचवलेल्या फ्रेम जोरानं वाचवलेल्या फ्रेमपेक्षा कितीतरी जास्त निघतील, हे मी छातीठोक सांगतो.

ओढू नका, फिरवा

पोस्ट वर ओढायचा तर त्याच्या पूर्ण लांबीवरचा गंज एकाच वेळी तोडावा लागतो, आणि तेवढा जोर लावायला हाताला धड पकड मिळत नाही. फिरवायचा म्हटलं की लांब पान्याची तरफ कामाला येते. शिवाय गंज एकदम नाही, थोडा थोडा भरडला जातो. म्हणून आधी डावीकडे-उजवीकडे फिरवून पोस्ट सुटा करायचा. वर घ्यायचं ते त्यानंतर.

अगदी पहिला झटका खालच्या दिशेनं द्या. माथ्यावर लाकूड ठेवून दोन-तीन जोरदार ठोके मारा. पोस्ट अर्धा मिलिमीटर खाली गेला तरी पकड सुटली म्हणून समजा. फ्रेम मात्र तेव्हा चिमट्यावर किंवा मागच्या दांड्यांवर उभी नको, बी.बी.खाली लाकडाचा ओंडका द्या, म्हणजे ठोका सरळ उभ्या नळीतून जमिनीत जाईल.

मग पाइप पाना. बाहेरचा भाग जाड आणि पुरेसा असेल तर १८ इंची पाना पोस्टच्या तळाशी, फ्रेमच्या तोंडाजवळ धरा. जितका वर धराल तितका पोस्ट वाकेल. दुसऱ्या माणसानं फ्रेम धरायची ती आडव्या दांडीच्या पुढच्या टोकाशी, म्हणजे हँडलच्या नळीजवळ. एका बाजूला जोर, थांबा, दुसऱ्या बाजूला जोर. झटके नकोत. दाब वाढवत न्या, पाच सेकंद धरा, सोडा, तेल टाका, पुन्हा.

पाना घसरतच असेल तर व्हाइसकडे चला. भुसावळ, जळगाव, धुळे इथे औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे, किंवा गावातल्या ग्रिल-वेल्डिंगच्या दुकानात, मोठी व्हाइस असते. टेबलाला नीट बोल्ट केलेली आहे ना ते बघा. डुगडुगणाऱ्या व्हाइसवर अर्धा जोर फुकट जातो. पोस्टच्या वरच्या भागावर समोरासमोर दोन सपाट बाजू कानशीनं घासून घ्या, म्हणजे जबडा घट्ट बसेल. आता सायकल उलटी, पोस्ट व्हाइसमध्ये आणि फ्रेम हवेत. फ्रेमच पाना झाली. इथे ताकद भरपूर मिळते, आणि फ्रेम बिघडवायची संधीही इथेच सगळ्यात मोठी असते.

एकानं हँडलच्या नळीला धरायचं, दुसऱ्यानं बी.बी.ला. दोघांनी एकाच दिशेनं, एकाच वेळी फिरवायचं. मागच्या बारीक दांड्यांना हात लावायचा नाही, ते सहज वाकतात. फक्त हँडलच्या नळीवर जोर दिलात तर फ्रेमचा त्रिकोण पिळतो, कारण बी.बी. मागे राहते. आणि नजर रेघेवर.

सुटायचा क्षण ओळखू येतो. आधी नळीच्या तोंडाशी साचलेल्या तेलकट मळाच्या कड्याला केसासारखी बारीक भेग जाते. मग ‘कट्’ असा कोरडा आवाज होतो आणि पांढऱ्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून जेमतेम धाग्याएवढे सरकतात. चिरेतून तपकिरी पूड आणि तेल यांचा लगदा वर येतो. बस, इथे थांबा! अजून फिरवायचा मोह होतो, पण सुटलेली भरड आत गोळा होऊन पोस्ट पुन्हा धरतो. तेल सोडा, तेवढाच उलटा फिरवा, पुन्हा तेल. दर फेरीला थोडं थोडं जास्त. पोस्ट पूर्ण वेढा फिरायला लागला की फिरवत फिरवत वर खेचा. उरलेला भाग बहुतेक अर्ध्या तासाच्या आत निघतो.

वेल्डिंगवाल्याची मदत

लोखंडी पोस्टची मान तुटली, किंवा धरायला काहीच उरलं नाही, तर वेल्डिंगवाल्याकडून त्याच्या माथ्यावर जाड सळई आडवी जोडून घ्या. फिरवायला मजबूत मूठ मिळते, आणि वेल्डिंगच्या धगीनं पोस्ट फुगून पुन्हा आक्रसतो, त्यात गंज आपोआप तडकतो. हा उपाय मला पाइप पान्यापेक्षा जास्त आवडतो. आपल्याकडे वेल्डर वाडीवस्तीवरही सापडतो, चांगली व्हाइस शोधावी लागते.

पण दोन सांभाळायच्या गोष्टी आहेत. आठवडाभर नळीत रॉकेल, डिझेल, ॲसिटोन ओतलेलं असतं. ते तसंच ठेवून ठिणगी दिली तर नळीतून भपकन जाळ निघतो. आधी सगळं तेल गाळून काढा, साबणाच्या गरम पाण्यानं नळी धुवा, दिवसभर उन्हात उघडी ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास असतो, तेव्हा वाळायला फार वेळ लागत नाही. बी.बी. उघडीच असू द्या, म्हणजे वाफ कोंडणार नाही. दुसरं म्हणजे अर्थिंगचा चिमटा पोस्टलाच लावायला सांगा. फ्रेमच्या दुसऱ्या टोकाला लावला आणि मध्ये छर्रे असतील, तर करंट त्यांच्यातून जातो आणि कपांना खड्डे पडतात.

गॅसची आच द्यायची असेल तर लोखंडात लोखंड असताना बाहेरच्या नळीला, लगच्या भोवती, ज्योत फिरती ठेवून द्या. बाहेरची नळी तापून फुगते तेव्हा आतला पोस्ट अजून थंड असतो. त्या काही सेकंदांतच फिरवायचं. जास्त वेळ घेतलात तर दोन्ही सारखेच तापतात आणि फायदा जातो. रंग जळणार हे धरून चाला. लोखंड लाल होऊ देऊ नका, कारण लगचे सांधे पितळेच्या डागाचे असतात आणि अतिआचेनं ते कमजोर होतात.

पोस्ट ॲल्युमिनियमचा असेल तर

इथे आचेचं गणित उलटं होतं. तापलं की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. फ्रेम तापवाल तर आतला पोस्ट आणखी ठासून बसेल. म्हणून थंड करायचं. थंडीत तो फ्रेमपेक्षा जास्त आक्रसतो. ६० अंशांनी थंड केला तर २७ मिलिमीटरच्या पोस्टवर हा फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा पडतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण फटच मुळात तेवढी असते.

हे काम मेच्या दुपारी करायला घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात पहाटे पारा कधी कधी दहाच्या खाली जातो, ती वेळ चांगली. वरचं डोकं कापून पोस्टची पोकळी उघडी करा. बर्फाच्या कारखान्यातून आणलेला बर्फ बारीक फोडून त्यात मीठ मिसळा, बारीक प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि ती पोकळीत सरकवा. मिठानं बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. मिठाचं पाणी नळीत सांडू देऊ नका, नाहीतर नवा गंज आपणच पेराल. पंधरा-वीस मिनिटं थांबून लगेच व्हाइसमध्ये पकडा आणि फिरवा. त्याच वेळी बाहेरच्या नळीवर उकळतं पाणी ओतलेला फडका गुंडाळला तर फरक आणखी वाढतो.

कॉस्टिक सोड्यानं ॲल्युमिनियम विरघळवतात, तेही खरं. लोखंडी फ्रेमला सोडा फारसं काही करत नाही. पण रंग निघून जातो, विरघळताना पेटणारा हायड्रोजन वायू निघतो, द्रावण उकळीला येतं, आणि एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. फ्रेमच ॲल्युमिनियमची असेल तर सोडा फ्रेमलाही खाऊन टाकेल. घरात लहान मुलं असलेल्या अंगणात मी हे करणार नाही, आणि कुणाला करा असंही म्हणणार नाही. त्यापेक्षा करवत बरी.

शेवटचा मार्ग: आतून कापणं

वेळखाऊ, कंटाळवाणा, पण हमखास. पोस्ट फ्रेमच्या वर इंचभर ठेवून आडवा कापा. मग नुसतं हॅक्सॉ ब्लेड, एका टोकाला जाड कापड गुंडाळून, पोस्टच्या पोकळीत घाला आणि आतून बाहेर, उभी चीर पाडत चला. ॲल्युमिनियमला इंचाला १८ दातांचं ब्लेड, लोखंडाला २४ दातांचं. दात ओढताना कापतील असे बसवा. ढकलताना कापायला गेलात तर ब्लेड वाकून तुटतं.

मघाशी तारेनं घेतलेलं माप इथे कामी येतं. ब्लेडवर तेवढ्या लांबीवर चिकटपट्टी लावा, म्हणजे पोस्टच्या बुडापर्यंत पोचलात का ते कळेल. फ्रेमच्या मागच्या चिरेच्या रेषेत कापू नका. नळीची तीच बाजू आधीच कमजोर असते. डाव्या किंवा उजव्या अंगाला कापा. दर पाच मिनिटांनी ब्लेड काढून चुरा बघा. पोस्ट ॲल्युमिनियमचा असेल तर चुऱ्यात तांबडट-काळे कण दिसायला लागले की पाते फ्रेमला लागलं. लोखंडात लोखंड असेल तर हा इशारा मिळत नाही, तिथे बॅटरी मारून चिरेत दिसणारी गंजाची तांबडी रेघ शोधा. ती दिसली की पोस्ट संपला.

एक चीर पूर्ण झाली की शेजारी बोटभर अंतरावर दुसरी पाडा. मधली पट्टी बारीक छिन्नीनं आतल्या बाजूला वळवा आणि पकडीनं खेचून काढा. पट्टी निघाली की उरलेल्या पोस्टची गोलाई मोडते, तो आत चेपून फिरवत काढता येतो. आठ इंच पोस्ट आत असेल तर पूर्ण दिवस धरा. ब्लेडचं पाकीटच आणून ठेवा. आणि हातमोजे हवेतच, कापलेल्या कडा वस्तऱ्यासारख्या लागतात.

एवढाही वेळ नसेल तर लेथवाल्याला विचारा. फ्रेम मशीनवर सरळ बांधता आली तर तो पोस्ट आतून पोखरून देऊ शकतो. मात्र बांधणी तिरकी झाली तर नळीच पोखरली जाईल, म्हणून ज्यानं असं काम आधी केलंय त्यालाच द्या.

निघाल्यावर लगेच

नळी उघडी पडलेली असताना सफाई उरकून घ्या. सळईला उभी चीर पाडून त्यात ८० नंबरचा एमरी पेपर अडकवा, ड्रिलमध्ये लावून नळीत वर-खाली फिरवा. गंज निघाला, चकाकी दिसली की थांबा, धातू झिजवत बसू नका. रॉकेलनं धुवा, फडका ओढून कोरडी करा. बी.बी.मध्ये साचलेला गाळही काढा. चिरेच्या आतल्या कडांना धारदार कोर उभी राहिली असेल तर गोल कानशीनं साफ करा, नाहीतर नवा पोस्ट पहिल्याच दिवशी ओरखडेल.

नवा पोस्ट घ्यायला जाताना जुना, निदान त्याचा न चेपलेला तुकडा, सोबत न्या आणि व्हर्निअरनं माप घ्या. पोस्टची मापं ०.२ मिलिमीटरच्या फरकानं येतात. ‘बसतोय ना, चालेल’ म्हणून बारीक पोस्ट घेतला तर बोल्ट कितीही आवळला तरी सीट हळूहळू खाली बसते, आणि शेवटी लगचे कान मोडतात. पोस्ट हातानं, थोडा फिरवत, खाली सरकला पाहिजे. ठोकून घालावा लागत असेल तर माप चुकलंय किंवा सफाई अपुरी आहे.

बसवण्याआधी पोस्टच्या बुडापासून वरपर्यंत ग्रीसचा पातळ थर द्या, चिरेच्या आतल्या बाजूलाही द्या. ॲल्युमिनियमचा पोस्ट असेल तर ग्रीस आणखी उदार हातानं लावा, कारण दोन धातूंमध्ये पाणी न येऊ देणं एवढंच तिथे महत्त्वाचं. पोस्ट किमान अडीच इंच आत हवा, आणि आडवी दांडी जिथे जुळते तिच्या खालपर्यंत गेलेला हवा. पोस्टवर कमीत कमी खोलीची खूण असेल तर ती नळीच्या आतच राहिली पाहिजे. सीटबोल्ट जुना, आटे झिजलेला असेल तर नवा घाला.

चिरेवर जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंद कडं कापून चढवून ठेवा. पाणी आणि खताची धूळ दोन्ही अडतात. कडं पोस्ट बसवण्याआधीच नळीवर चढवायचं असतं, नंतर सीट काढल्याशिवाय ते जात नाही. मृगाच्या आधी एकदा बोल्ट सोडून पोस्ट बाहेर काढायचा, पुसायचा, ग्रीस लावून पुन्हा घालायचा; पावसाळा संपल्यावर आणखी एकदा. उंची दर वेळी मोजत बसावं लागू नये म्हणून पोस्टवर नेलपेंटची आडवी रेघ काढून ठेवा. ताज्या ग्रीसवर पोस्ट सुरुवातीला किंचित सरकतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर रेघ बघा आणि सीटबोल्ट पुन्हा एकदा आवळा.